चार अंकांची चूक

मापबाईंनी गंभीर आजारांचा विमा घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरात ते कुणालाच गंभीरपणे घ्यावंसं वाटलं नाही.

"तुला काय झालंय?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"काही झालेलं नसतानाच घ्यावा लागतो, आई."

"म्हणजे भूक नसताना पान वाढून घ्यायचं," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा मटार सोलू लागल्या.

मापबाई हे अर्थातच त्यांचं कागदोपत्री नाव नव्हे; पण इमारतीत दुसऱ्या नावानं त्यांना कुणी ओळखत नसे. उपकरणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत त्या अधिकारी होत्या. कारखान्यांतले दाबमापक, दवाखान्यांतले तापमापक, दुकानांतले तराजू तिथं तपासायला येत. बरोबर निघेल त्याला हिरवी चिठ्ठी, चुकेल त्याला लाल. हिरव्या चिठ्ठीवर मापबाईंची बारीक, सरळ सही असे. त्या सहीचा त्यांना अभिमान होता. बोलून दाखवण्याइतका नव्हे, पण लाल चिठ्ठी लावताना त्यांचा चेहरा निकाल वाचणाऱ्या न्यायाधीशासारखा व्हायचा. घरातला स्वयंपाकाचा तराजू, ताप मोजायची नळी आणि भिंतीवरचं घड्याळ या सर्वांना हिरव्या चिठ्ठ्या होत्या. नवऱ्याला नव्हती. "माझी तपासणी अजून चालू आहे," असं तो पाहुण्यांना सांगत असे.

या नवऱ्याला इमारत मासेवाले म्हणे. त्यांनी चांगली नोकरी सोडून शोभेच्या माशांच्या काचपेट्या बसवायचा व्यवसाय काढला होता. कार्यालयांत, दंतवैद्यांच्या बाहेरच्या खोल्यांत, जिथं माणसं घाबरून बसलेली असतात तिथं मासेवाल्यांचे मासे फिरत. व्यवसाय वाईट नव्हता, पण मासे जगले तर उत्पन्न, असा मामला होता आणि मासे या बाबतीत फारसे जबाबदार नव्हते. त्यामुळे घर उभं होतं ते मापबाईंच्या पगारावर.

एके दिवशी प्रयोगशाळेत हातातलं काम थांबवून मापबाईंनी एक साधा प्रश्न स्वतःला विचारला. आपण वर्षभर अंथरुणाला खिळलो तर काय होईल? उत्तर लगेच आलं. जावईबापू येतील.

जावईबापू म्हणजे मापबाईंच्या नणंदेचे यजमान. माणूस वाईट नव्हता. मदतीला सदैव तयार असे, आणि नेमका तोच त्रास होता. पूर्वी एकदा त्यांनी कपाट आणायला आपली गाडी दिली होती. तेव्हापासून जेव्हा भेटत तेव्हा "कपाट कसं आहे?" असं विचारत आणि उत्तराची वाट न पाहता आत जाऊन त्याची दारं उघडून बघत. कपाटापायी ही गत, तर आजारपणात काय होईल? रोज येऊन "आमच्या वहिनी कशा आहेत?" असं विचारतील आणि पांघरूण उचलून बघतील, अशी मापबाईंची खात्री होती. त्यांना मरणाची फारशी भीती नव्हती. त्यांना हात पसरायचा नव्हता.

विमावाला आला. दोन फोन, एक बॅग आणि "रिलॅक्स, मॅडम" हे दोन शब्द एवढ्यावर त्याचा संसार चालला होता. त्यानं अटींची एक जाड पुस्तिका टेबलावर ठेवली आणि लगेच सही कुठं करायची ते दाखवलं.

"आधी वाचते," मापबाई म्हणाल्या.

"रिलॅक्स, मॅडम. हे कुणी वाचत नाही. मीही वाचलेलं नाही."

हे त्यानं दिलासा म्हणून सांगितलं होतं. मापबाईंनी पेन्सिलीला टोक काढलं.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी घरच्यांना तो विमा समजावून सांगितला. नेमके त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे मॅनेजरसाहेबही आले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते इमारतीतल्या कुठल्याही आर्थिक चर्चेचा वास घेत जिना उतरत.

"साधा आरोग्यविमा रुग्णालयाचं बिल भरतो," मापबाई म्हणाल्या. "हा बिल बघत नाही. यादीतला आजार आहे असं निदान झालं, की ठरलेली सगळी रक्कम एकदम आपल्या हातात. मग त्यात औषधं आणा, घर चालवा, काहीही करा."

"काहीही?" मासेवाले सावरून बसले. त्यांच्या डोळ्यांसमोर एक मोठी काचपेटी तरळून गेली हे सर्वांना दिसलं.

सासूबाईंनी यादी मागून घेतली, चष्मा लावला आणि बोट ठेवत ठेवत शेवटपर्यंत वाचली. मग पुन्हा वरून वाचली.

"गुडघा नाही यात."

"गुडघेदुखी गंभीर आजारांत धरत नाहीत, आई."

"इतकी वर्षं मी रात्र रात्र कण्हतेय ते काय गंमत म्हणून? आणि हे बघ, कुणी कधी ऐकली नाहीत अशी दुखणी घेतलीत. ओळख लागते वाटतं इथंही." त्यांनी यादी उलटी करून ठेवली. त्यानंतर त्या कंपनीविषयी त्यांचं मत कधीच सुधारलं नाही.

मापबाई शांतपणे पुढं गेल्या. पॉलिसी घेतल्यापासून पहिले तीन महिने काही आजार निघाला तर पैसे नाहीत. निदान झाल्यावर तीस दिवस जिवंत राहावं लागतं, आधी गेलं तर पैसे नाहीत. आणि हृदयविकाराचा झटका ठरावीक तीव्रतेचा असावा लागतो.

"हलका आला तर?" मासेवाल्यांनी विचारलं.

"नाही चालत."

"आपल्या घराण्यात कुणाला काही हलकं आलेलं नाही," सासूबाई ताठपणे म्हणाल्या.

मासेवाल्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे तीन महिने दम धरायचा, मग आजारी पडायचं, तेही बेताचं नाही, चांगलं दणकून, आणि तरी महिनाभर मरायचं नाही. एवढी शिस्त ज्याच्या अंगात आहे तो आजारी पडेलच कशाला?"

मॅनेजरसाहेबांनी घसा साफ केला. इतका वेळ ते याच क्षणाची वाट बघत होते. "हे सगळं ठीक आहे. पण मुख्य गोष्ट अर्जात असते. त्यात तब्येतीचे प्रश्न येतात. प्रत्येकापुढं एकच शब्द लिहायचा. नाही. मी माझ्या वेळी तेच केलं. एका बैठकीत काम झालं."

"पण काही झालेलं असलं तर?"

"वहिनी, कंपनी काय आपल्या घरी राहायला येणार आहे?"

चुकीचं काही लिहिणं मापबाईंना जमलंच नसतं, तत्त्वाची गोष्ट पुढची. आधी हातच उठला नसता. शिवाय पुस्तिकेत त्यांनी एक कलम वाचलं होतं. काही लपवलं असेल आणि ते पुढं उघडकीला आलं, तर पैसे नाहीत. म्हणजे हप्ते भरायचे ते सगळे, आणि ज्या दिवशी विम्याची खरी गरज पडणार त्या दिवशी जावईबापू.

त्यांनी अर्ज भरला. 'पूर्वी झालेले आजार' या मथळ्याखाली बोटभर चौकट होती. ती पुरली नाही म्हणून त्यांनी कागद जोडले. लहानपणची गोवर, शाळेत मोडलेलं मनगट, एका विशिष्ट साबणानं हाताला येणारी खाज, बहिणीच्या लग्नात आलेली भोवळ आणि तिचं कारण (उपाशीपोटी धावपळ), चष्म्याचा नंबर. वजनापुढं त्यांनी वजन लिहिलंच, पण तराजूत किती इकडेतिकडे होऊ शकतं तेही लिहिलं.

विमावाल्यानं ते चाळलं आणि पहिल्यांदाच "रिलॅक्स" म्हणायचं विसरला. "मॅडम, तुम्ही आजारी नाही. तुम्ही फक्त खरं बोलताय. पण कंपनीला हा फरक कळत नाही हो."

कंपनीला तो खरोखरच कळला नाही. इतकं सगळं आपण होऊन सांगणारी बाई आणखी काय दडवत असेल, या काळजीनं त्यांनी मापबाईंना वैद्यकीय तपासणीला बोलावलं.

तपासणी केंद्र एका पादत्राणांच्या दुकानाच्या वर होतं. मापबाई इस्त्रीची साडी नेसून, वेळेच्या आधी पोचल्या. आयुष्यात कुठल्याही परीक्षेत त्या दुसऱ्या आल्या नव्हत्या, आणि ही परीक्षा तर नुसतं बसून द्यायची होती. रक्त झालं, हृदयाचा आलेख झाला. मग एका बाईनं त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि मापबाईंची नजर सवयीनं यंत्राच्या तबकडीवर गेली.

पट्ट्यात अजून हवा भरलेली नव्हती, तरी काटा शून्यावर नव्हता. थोडा वर होता.

"थांबा," मापबाई म्हणाल्या. "हा शून्यावर का नाही?"

"तो तसाच असतो."

"तसाच असतो म्हणजे? चार अंक वर आहे. शेवटचं कधी तपासलंय हे?"

"बाई, तपासणी तुमची आहे. त्याची नाही."

"त्याची झाल्याशिवाय माझी कशी होणार?"

या वाक्यावर ती बाई आतून केंद्रप्रमुखांना घेऊन आली. केंद्रप्रमुख म्हणाले, इतक्या माणसांचा दाब आम्ही यावरच बघतो, कुणी तक्रार केली नाही. मापबाई म्हणाल्या, त्यांना कळलं असतं तर केली असती. केंद्रप्रमुख म्हणाले, पेशंटनी पेशंटसारखं बसावं. मापबाई म्हणाल्या, मी पेशंट नाही, अर्जदार आहे. एवढा वेळ पट्टा दंडावरच होता. मग दाब बघितला. बराच निघाला. मापबाईंनी हरकत घेतली, पुन्हा बघितला. आणखी वर गेला. तिसऱ्यांदा बघायला त्या बाईनं नकार दिला. म्हणाली, आता मला भीती वाटते.

अहवालात 'उच्च रक्तदाब' असं आलं. विमावाल्यानं ते कळवायला फोन केला, तो नेमका सासूबाईंनी उचलला.

संध्याकाळपर्यंत इमारतीला कळलं. मापबाई कामावरून आल्या तेव्हा लिफ्टपाशी उभ्या असलेल्या चार माणसांनी बाजूला होऊन त्यांना एकटीला आत जाऊ दिलं. समोरच्या बाईंनी लसूण पाठवला. घरात मीठ नव्हतं. संपलं नव्हतं, लपवलं होतं. सासूबाईंनी सुनेच्या काळजीपोटी साऱ्या घराचं जेवण अळणी केलं होतं, आणि मासेवाले माशांच्या खाद्याच्या डबीकडं आशेनं बघत होते.

"मला काही झालेलं नाही," मापबाई म्हणाल्या. "त्या यंत्रात चूक आहे."

"हो, हो," सासूबाई म्हणाल्या. "तू बोलू नकोस. बोललं की वाढतो."

रक्तदाबाचं हेच वाईट. तो नाही म्हणून चिडावं, तर चिडतेय म्हणजे आहेच, असं लोक म्हणतात.

मापबाईंनी कंपनीला फोन लावला. बरंच संगीत ऐकल्यावर एक गोड आवाज आला. "आपली तक्रार पॉलिसीबद्दल आहे, हप्त्याबद्दल आहे की दाव्याबद्दल?"

"काट्याबद्दल."

"क्षमा करा, तो पर्याय उपलब्ध नाही."

शेवटी त्यांनी सविस्तर पत्र लिहिलं. यंत्र सदोष आहे, आपण या विषयातल्या जाणकार आहोत, तपासणी पुन्हा व्हावी. पत्र इतकं बिनतोड होतं, की कंपनीत बहुधा ते शेवटपर्यंत वाचायचं धैर्य कुणाला झालं नाही आणि दुसऱ्या केंद्रात फेरतपासणी मंजूर झाली.

आता इमारतीला चेव चढला. मॅनेजरसाहेब खिशातून एक गोळ्यांची पट्टी काढत आले. "यातली एक आदल्या दिवशी, एक त्या दिवशी सकाळी. दाब एकदम सज्जन होतो. मी वर्षानुवर्षं घेतोय."

"आणि तुमच्या अर्जात?"

"नाही, असं लिहिलंय की!" साहेब प्रसन्नपणे म्हणाले.

मासेवाल्यांचा उपाय निराळा होता. त्यांनी दिवाणखान्यात एक काचपेटी आणून ठेवली. पोहणारे मासे बघत बसलं की माणसाचा जीव शांत होतो, यावर त्यांचा सगळा व्यवसाय उभा होता. मापबाईंना समोर खुर्चीत बसवलं. निळा मासा पिवळ्या माशाच्या शेपटीमागं लागला, पिवळा दगडाआड लपला, निळा तिथंही गेला. मापबाईंच्या कपाळावर आठी आली. "याला कुणी आवरत का नाही?"

"तू नुसतं बघ."

"बघवत नाहीये!"

पेटी दुसऱ्या दिवशी एका दंतवैद्याकडे रवाना झाली.

फेरतपासणीच्या आधी प्रयोगशाळेत एक दुपार निवांत मिळाली. बाकी सगळे जेवायला गेले होते. टेबलावर एका रुग्णालयाचं रक्तदाबाचं यंत्र होतं. सकाळीच मापबाईंनी ते प्रमाण दाबाशी ताडून बघितलं होतं आणि हिरवी चिठ्ठी लावली होती. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून, न बोलता थोडा वेळ बसल्या. कुणाशी वाद नव्हता, मासे नव्हते. दंडाला पट्टा बांधला.

आकडा वर होता.

त्यांनी पट्टा सोडला, थांबल्या, दुसऱ्या हाताला बांधला. तितकाच. मग त्यांनी यंत्र पुन्हा तपासलं, वरपासून खालपर्यंत. काटा शून्यावर होता, प्रत्येक टप्प्याला बरोबर होता. लाल चिठ्ठीसाठी मन आतुर झालं होतं, पण चिठ्ठी लावायला कुठं जागाच नव्हती.

आणि खरं म्हणजे त्यांना हे माहीत होतं. त्या केंद्रातला काटा चार अंक वर होता हे खरं. पण अहवालातला आकडा नको तितका वर होता, त्यातून चार काढले तरी तो वरच राहत होता. एवढी साधी वजाबाकी त्यांनी त्या पत्रात केली नव्हती. शाळेतलं पोरही ती आधी करेल. बिनतोड पत्र, आणि वजाबाकीच नाही. दुसऱ्या कुणी असं काम करून आणलं असतं, तर मापबाईंनी ते परत पाठवलं असतं.

जेवण उरकून एक सहकारी बाई आत आल्या. "यंत्र ठीक आहे ना?"

मापबाई पट्टा गुंडाळून ठेवत म्हणाल्या, "यंत्र ठीक आहे."

त्याच दुपारी त्यांनी कंपनीला दुसरं पत्र लिहिलं. हे पहिल्यापेक्षा लहान होतं. 'पहिल्या केंद्रातल्या यंत्राची चूक चार अंकांची आहे. बाकीचा दाब माझा आहे. फेरतपासणीची आवश्यकता नाही.'

विमावाला धापा टाकत घरी आला. "मॅडम! मंजूर झाली होती हो फेरतपासणी! त्या केंद्रातली बाई माझ्या ओळखीची. तिला नुसतं सांगायचं, की आकडा जरा..."

"जरा काय?"

विमावाल्यानं मापबाईंच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि ते वाक्य तिथंच सोडून दिलं.

"हे बघा," मापबाई म्हणाल्या. त्या फार बोलत नसत, म्हणून सगळेच ऐकू लागले, मासेवालेही, सासूबाईही. "ज्या दिवशी मी आडवी होईन, त्या दिवशी कंपनी माझा अर्ज काढून भिंगाखाली धरेल. तेव्हा भांडायला मी नसेन. हे भांडतील, आणि यांना भांडता येत नाही. म्हणून अर्जच असा हवा की भांडावं लागू नये."

मासेवाल्यांनी मान डोलावली. भांडता येत नाही हे त्यांना मान्य होतं.

कंपनीत मात्र हाहाकार उडाला असावा. आपल्याला आजार नाही म्हणून भांडणारे अर्जदार त्यांना ठाऊक होते. आहे म्हणून आग्रह धरणाऱ्या बाईसाठी त्यांच्याकडे नियम नव्हता. पत्र या टेबलावरून त्या टेबलावर गेलं. गोड आवाजानं फोन करून विचारलं, "आपण नक्की तक्रार मागं घेताय, की नवीन करताय?" मापबाई म्हणाल्या, "दुरुस्त करतेय." तोही पर्याय उपलब्ध नव्हता. दरम्यान मापबाई डॉक्टरांकडे गेल्या, रोजची एक गोळी सुरू झाली, मीठ कमी झालं (घराचं नव्हे, फक्त त्यांचं, मासेवाल्यांनी या निर्णयाचं उभं राहून स्वागत केलं), चालणं सुरू झालं, आणि काही आठवड्यांनी दाब ताळ्यावर आला. डॉक्टरांचा दाखला कंपनीकडे गेला. शेवटी कंपनीनं पॉलिसी दिली, जादा हप्ता लावून.

मॅनेजरसाहेब ते ऐकून जिना उतरून आले. "जादा हप्ता! मी सांगत होतो वहिनी, ऐकायचं होतंत. माझ्या पॉलिसीत एक पैसा जादा नाही."

"बरोबर आहे," मापबाई म्हणाल्या. "माझी पॉलिसी माझ्यासाठी आहे. तुमची ज्या माणसासाठी आहे त्याला काहीच झालेलं नाही. त्याला स्वस्तच पडणार."

जिना चढताना साहेब मधल्या वळणावर बराच वेळ उभे होते.

पॉलिसीचे कागद मापबाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. गोवर होती, मनगट होतं, भोवळ होती, रक्तदाब तर ठळक होता. इतक्या वर्षांत आपलं इतकं अचूक वर्णन कुणी केलं नव्हतं असं त्यांना वाटून गेलं.

त्या रविवारी नणंदेचा फोन आला. सासूबाईंना फोन कानाला लावलेला आवडत नसे. त्या तो टेबलावर ठेवून, आवाज मोठा करून, सगळ्या घरादेखत बोलत. मापबाई ओट्यापाशी होत्या.

"आई, वहिनीला रक्तदाब निघाला म्हणे?" नणंद म्हणाली. "आणि वर जादा हप्ता लावला? हे म्हणताहेत, एवढं होतं तर आम्हाला सांगायचं. पैशाचं काहीतरी बघितलं असतं."

मापबाईंचा हात थांबला.

"नको गं," सासूबाई म्हणाल्या. "पैशाचं तिनं बघून ठेवलंय. उद्या ती पडली तरी आमच्याकडून कुणाला फोन येणार नाही. आणि हो, आहे रक्तदाब. आहे म्हणजे आहे. लपवायचं काय त्यात? तिनं स्वतः कंपनीला लिहून कळवलंय."

"स्वतः? कमाल आहे! आमच्याकडे बाई सगळ्यांचा अगदी नॉर्मल आहे."

"असेल, असेल." सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. गुडघ्याचा अपमान सोसलेल्या त्या बाईचा आवाज अभिमानानं भरून आला होता. "मोजलाय कुणी?"

तिकडून जावईबापूंचा आवाज आला, जरा लांबून आणि जरा पडलेला. "आपल्याकडे ते यंत्र आहे का गं?"

मापबाईंनी हात पुसले, पाठ ताठ केली आणि टेबलाकडे न वळताच म्हणाल्या, "आणलंत तर आधी माझ्याकडे पाठवा म्हणावं. काटा बघून देते."